रक्ताची राखण

"ताई, ह्यासुद्धा," रोझविटा पिंजऱ्याच्या जाळीला नाक लावून म्हणाली. "एकीचाही पाय हलत नाही."

बिबियानाने तांबड्या दिव्याची मान वाकवून उजेड पिंजऱ्याच्या तळाशी सोडला. संशोधन केंद्राच्या ह्या खोलीत दिवसा रात्र केलेली असे, कारण ह्या किनाऱ्यावरचे डास अंधारात चावतात आणि माणसांना कामावर दिवसा यावं लागतं. तळाच्या पांढऱ्या कापडावर माद्या पडल्या होत्या. पाय पोटाशी घेतलेले, पोटं टम्म, काळपट लाल. काल दुपारी बिबियानानेच आपला डावा हात कोपरापर्यंत आत घालून त्यांना जेवू घातलं होतं. मागच्या पिंजऱ्याचंही असंच झालं होतं.

"मुंग्या नाहीत," रोझविटा म्हणाली. "साखरपाणी मी स्वतः बदललं. पहारेकऱ्याने डासांची अगरबत्ती लावली असेल म्हटलं, तर तो मेलेल्या आईची शपथ घेतोय. त्याची आई काल बाजारात मला मासे विकत होती, पण ते जाऊ दे."

"वर बघ."

जाळीच्या वरच्या कोपऱ्यात थोड्या माद्या बसल्या होत्या. बारीक, कोरड्या. बिबियानाने जाळीवर फुंकर घातली, तशा त्या उडून पुन्हा बसल्या.

"ह्या कशा वाचल्या?"

"ह्या काल चावल्या नव्हत्या."

रोझविटाने बिबियानाच्या हाताकडे बघितलं आणि लगेच दुसरीकडे बघितलं.

तर प्रश्न हाताचा होता

आणि डॉक्टर कौपांनी तो एका वाक्यात सोडवला. डॉक्टर डोंगराकडचे, तरुण, घाईचे. दारात उभ्या उभ्याच त्यांनी सगळं ऐकलं आणि मग खुर्ची ओढून खाली बसले.

"मावशी, हत्तीरोगाच्या गोळ्या तुम्ही कधी घेतल्यात?"

"तुमच्याबरोबरच की. मताफुनच्या चर्चसमोर."

सबंध किनाऱ्याने त्या गोळ्या घेतल्या होत्या. लोक बिचकतील म्हणून केंद्रातली माणसं आधी रांगेत उभी राहिली. डॉक्टरांनी गोळ्या गिळून जीभ बाहेर काढून दाखवली, तेव्हा मुलं इतकी हसली की पाद्रीबाबांना ओरडावं लागलं. मग बिबियाना पुढे झाली आणि तिच्यामागे बायकांची रांग लागली.

"त्यातली एक गोळी जंत मारते, खरूज मारते," डॉक्टर म्हणाले. "आणि ती घेतलेल्या माणसाला डास चावला, तर डासालाही मारते. मी हे वाचलंय, मावशी. माहीत होतं मला. आणि मीच म्हटलं, चला, तुम्ही पुढे व्हा."

"माझ्याही डोक्यात आलं नाही. खरजेची गोळी म्हणून घेतली. अंग खाजत होतं."

"महिनाभर तरी तुमचा हात आत नको. आणि इथल्या कुणाचाच नको. आपण सगळे बाटलेले आहोत."

बिबियानाने टेबलावरच्या शेवटच्या तबकाकडे बघितलं. पाण्यात स्वल्पविरामांसारखे कोश वळवळत होते. दोन-तीन दिवसांत त्यांतून डास निघणार होते. साखरपाण्यावर ते जगले असते, पण माद्या म्हाताऱ्या झाल्या की रक्ताकडे बघतही नाहीत. महिना थांबायला त्यांना सांगणार कोण? रक्त नाही तर अंडी नाहीत. अंडी नाहीत तर हे तबक म्हणजे शेवट.

"काचेच्या घंटेत रक्त घालून पाजलं तर?" रोझविटाने विचारलं.

"घंटेतलं रक्त ह्या अर्धपोटी पितात आणि अंडी चिमूटभर देतात," बिबियाना म्हणाली. "आणि घंटेत घालायला रक्त कुणाचं? रक्तपेढीत मोहिमेच्या आधीच्या पिशव्या असतील, पण त्या बाळंतिणींच्या आहेत."



"ऑस्ट्रेलियातल्या केर्न्सहून अंडी मागवता येतील," डॉक्टर चाचरत म्हणाले. "तिकडच्या जातीला हात लागत नाही. कातडीमागून सगळं पितात. काम थांबणार नाही आपलं."

"डॉक्टर, आपण गावातल्या माणसांचं रक्त इथे आणतो, डासांना पाजतो आणि आठवड्याने त्यांची पोटं उघडून बघतो. कशासाठी?"

"हिवताप कुणाकडून पसरतो ते कळावं म्हणून."

"कुठल्या डासांत? इथल्या की केर्न्सच्या?"

डॉक्टरांनी हात वर केले. "बरं, बरं. मग गोळी न घेतलेला हात शोधून आणा. पण तान्ही बाळं नाहीत, पोटुशी बाई नाही, आजारी माणूस नाही. आणि ज्याला आणाल त्याच्यावर जबरदस्ती नाही."

"मग राहिलं कोण?" रोझविटा हसली. "गोळी नको म्हणून सांगणारा सगळ्या किनाऱ्यावर एकच. त्याने तर कोयता घेऊन नर्सला फाटकापर्यंत पोचवलं. तो नाही का, ताई, तुझा तो—"

आणि तिने तोंडावर हात ठेवला.

त्याचं नाव

ह्या गोष्टीत येणार नाही. नवऱ्याच्या थोरल्या भावाचं नाव बाईने घ्यायचं नसतं. त्याच्यासमोर जेवायचं नसतं, त्याच्या पसरलेल्या पायांवरून जायचं नसतं. गोष्ट बिबियानाची आहे, तेव्हा हे पाळायलाच हवं. त्याच्या नावाच्या जागी भाऊजी.

भाऊजी तिच्याशी बोलणं टाकून बसले होते. आलोईस समुद्रात गेला तेव्हापासून.

आलोईस म्हणजे तिचा नवरा. डिंगीत पेट्रोलचा डबा आणि सुपारीची पोती घालून तो कारकार बेटाकडे निघाला, तो निघालाच. शोधायला गेलेल्यांना डबा तेवढा तरंगताना सापडला. दुखवट्याचं जेवण झालं, डुक्कर कापलं गेलं, पण पुरायला काही नव्हतं. त्याच्या महिनाभर आधी आलोईसने केंद्राला रक्त दिलं होतं. बिबियानाच म्हणाली होती, दे, काही होत नाही. भाऊजींनी जेवणाच्या दिवशी सगळ्यांदेखत सांगितलं, माणसाचं रक्त कुपीत भरून परक्याच्या हातात गेलं की माणूस त्याच्यामागून जातोच. समुद्र नुसतं निमित्त.

तेव्हापासून ती त्या वाडीवर गेली नव्हती.

ती गेली

तेव्हा भाऊजी जमिनीत रोवलेल्या खुंटावर नारळ सोलत होते. पाठमोरे. तिचं येणं त्यांना कळलं असावं, कारण नारळ खुंटावर जास्तच जोरात आपटू लागला.

"भाऊजी."

"गोळ्या घेऊन आली असशील तर आल्या पावली जा."

"गोळ्या नाही आणल्या. तुम्ही घेतल्या नाहीत म्हणून आले."

नारळ थांबला. ते वळले. "केंद्रातली बाई सांगतेय, गोळ्या नाकारल्यास ते बरं केलंस. पाद्रीबाबाला बोलावू का? हेही चर्चमध्ये सांगायला हवं."

तिने उभ्यानेच सगळं सांगितलं. पिंजरे, मेलेल्या माद्या, आपला हात, शेवटचं तबक. सांगताना ती त्यांच्याकडे बघत नव्हती. बघायचं नसतंच.

भाऊजी हसायला लागले. सुपारीने लाल झालेले सगळे दात दिसले. "म्हणजे तुझं रक्त डासालाही पचेना! गावातल्या बायका हे कधीच्या म्हणताहेत. मीच तुझी बाजू घ्यायचो."

"त्यांना म्हणू दे."

"आणि आता माझं पाहिजे. धाकट्याचं नेलंत, आता थोरल्याचं."

"सुई नाही. कुपी नाही. हात पिंजऱ्यात घालायचा, थोडा वेळ. रोज रात्री फुकट चावतात तेवढंच."

"आणि ते रक्त जातं कुठे?"

"डासाच्या पोटात. दोन-तीन दिवसांत त्याची अंडी होतात. खोलीबाहेर जात नाही."

"कोण म्हणतं?"

"मी म्हणते."

"धाकट्यालाही तूच म्हणाली होतीस. काही होत नाही."

"हो," ती म्हणाली. "मीच म्हणाले होते."

त्यांनी पुढचा नारळ उचलला, पण सोलला नाही. बराच वेळ तो हातात फिरवत राहिले. वाऱ्यावर खोबऱ्याच्या भट्टीचा धूर आला आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. तिने ते पुसलं नाही, पण ती हललीही नाही. घराच्या पायरीवर बसलेल्या भाऊजींच्या बायकोने एकदा बसायची खूण केली. बिबियाना उभीच राहिली. बसलं की बोलणं संपतं आणि निरोप घ्यावा लागतो, हे तिला ठाऊक होतं.

"धाकटे," शेवटी ते म्हणाले. कित्येक वर्षांनी त्यांनी तिला हाक मारली होती. "मी येऊन बसेन. अंडी होईपर्यंत. माझं रक्त माझ्या डोळ्यांपुढे राहील. आणि जे उरेल ते सगळं माझ्याबरोबर परत येईल."

"अंडी घातल्यावर त्या माद्या दुसऱ्या खेपेला मला लागतील."

"परत."

"भाऊजी, थोड्या तरी—"

"परत. एकही तिथे राहायची नाही."

तिच्या मनात हिशेब झाला. एकाच खेपेच्या अंड्यांवर सगळी जात उभी करायची, म्हणजे पुढचे दोन महिने एक अळीही वाया घालवायची नाही.

"परत," ती म्हणाली.

आता खोलीत

एक चटई, एक झोळी, एक कोयता (तो पहारेकऱ्याकडे ठेवावा लागला) आणि सुपारी.

"बाबा, सुपारी नाही चालणार आत."

"तुझं नाव काय?"

"रोझविटा."

"रोझविटा, मी तुम्हाला रक्त देणार. तुम्ही मला सुपारीसुद्धा खाऊ देत नाही?"

"चुन्याचा हात पिंजऱ्यात गेला तर ह्या चावायच्या नाहीत. बाहेर खा, चूळ भरा, या."

"बायकोसुद्धा एवढं करायला लावत नाही."

"तिला अंडी घालायची नसतात, बाबा."

भाऊजी हसले आणि मग आपण हसलो म्हणून त्यांनाच राग आला.

अंगात हिवतापाचे जंतू आहेत का हे पाहायला डॉक्टरांनी बोटाला टोचून पट्टीवर एक थेंब घेतला. जंतू नव्हते. पट्टी कचऱ्यात जायच्या आत भाऊजींनी ती उचलून खिशात घातली. पुसलेला कापूसही घातला. डॉक्टर काही म्हणणार होते, पण बिबियानाने नुसतं त्यांच्याकडे बघितलं.

मग हात. काळा, रुंद, मनगटावर कोयत्याचा जुना वण. कापडाच्या बाहीतून तो तबकातून निघालेल्या माद्यांच्या पिंजऱ्यात गेला आणि दिवा मंद झाला. आधी काहीच झालं नाही. मग एक मादी आली, वणाशेजारी बसली, शेपूट वर करून तिरकी झाली. मग दुसरी. मग मोजता येईनात.

"आयुष्यभर हाकलत आलो," भाऊजी कुजबुजले. "आता पाहुणचार करतोय. हात हलवू का?"

"नका हलवू."

"खाजतंय."

"खाजणारच."

"तू हे रोज करतेस?"

"दिवसाआड."

माद्यांची पोटं भरत गेली, आधी गुलाबी, मग माणकासारखी. हात बाहेर काढला तेव्हा कोपरापर्यंत पुळ्याच पुळ्या होत्या. भाऊजींनी पिंजऱ्यासमोर चटई पसरली आणि पाठीमागे भिंत घेऊन बसले.

सकाळी बिबियाना आली तेव्हा

तिचे पाय दाराशीच थांबले. आत जाऊन बघायचं म्हणजे कळणार होतं. तबक संपलं होतं, मागे काही नव्हतं.

आतून आवाज आला. "उभी काय राहिलीस? हलताहेत."

ती जाळीशी गेली. हलत होत्या. लाल पोटं घेऊन, जड जड, भिंतीला टेकून बसलेल्या. तिने फुंकर घातली आणि त्या कशाबशा उडाल्या.

"फुंकू नकोस त्यांच्यावर," भाऊजी म्हणाले. "पोटुशा आहेत."

त्या दिवशी आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी ते तिथेच राहिले. रोझविटा उकडलेली रताळी आणि डब्यातला मासा बाहेर व्हरांड्यात ठेवायची. ते खायला जाताना तिला पिंजऱ्यासमोर बसवून जायचे. बिबियाना त्या वेळी दुसरीकडे जाई. अंधारात नजर बसल्यावर त्यांना खोलीतल्या इतर गोष्टी दिसू लागल्या.

"ते काचेचं काय? घंटांसारखं?"

"त्यात रक्त घालतात. खालून पातळ कातडी ताणून बसवायची. काचेच्या दुहेरी भिंतीतून गरम पाणी फिरतं, म्हणजे रक्त अंगातल्याएवढं ऊन राहतं. थंड झालं तर तापाच्या जंतूंना वाटतं आपण डासात पोचलो. ते आधीच फुटतात आणि सगळं फुकट जातं. डास खालून कातडीतून पितात."

"धाकट्याचं ह्यातच घातलं होतं?"

"हो."

"कुणी?"

तिने हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. "मी. त्याच्या दंडातून निघाल्यापासून ते माझ्या हातात होतं. गाडीत मी ते उबदार डब्यात मांडीवर धरून आणलं. मीच घंटेत ओतलं. आठवड्याने त्या माद्यांची पोटं मीच उघडली."

"काय निघालं?"

"ताप. पोटाच्या भिंतीवर मण्यांसारखा दिसतो. इतके मणी मी कुणाच्या रक्तात पाहिले नव्हते."

"म्हणजे तो आजारी होता?"

"त्याला काहीच होत नव्हतं. अंगात एवढं घेऊन तो पहाटे जाळं टाकायला जायचा, गाणी म्हणायचा. आम्ही औषध दिलं तर म्हणाला, कशाला?"

भाऊजींनी मान डोलावली. "तसाच होता. डोकं फुटलं तरी विचारायचा, कुणाचं?"

दोघंही पिंजऱ्याकडे बघत होते, म्हणून एकमेकांकडे बघावं लागलं नाही.

"घंटेत सगळं गेलं?"

"नाही. थोडंच लागतं. बाकीचं ऑस्ट्रेलियात पाठवलं. तिकडे थंड पेट्यांत ठेवतात."

"आहे अजून?"

"माहीत नाही."

"विचारलंस?"

बिबियानाने पिंजऱ्याच्या बाहीची गाठ सोडली आणि पुन्हा बांधली. "नाही."

"का?"

"नाही म्हणतील म्हणून."

भाऊजी चटईची कड चाचपत म्हणाले, "त्याचं काहीच आलं नाही, धाकटे. सदरासुद्धा नाही. डुक्कर कापलं, लोक रडले, जेवले, आणि खड्डा कुठे करायचा हे मलाच कळेना. मी शेवटी केलाच नाही." 

अंडी

वाडग्यातल्या ओल्या कागदावर पडली. आधी पांढरी, जेमतेम दिसणारी. दुपारपर्यंत काळी झाली, जशी व्हायला हवीत तशी. कागदाच्या कडेने काजळाची रेघ ओढावी इतकी. रोझविटाने बिबियानाचा खांदा इतका जोरात दाबला की तिला ओरडावं लागलं. डॉक्टरांनी दारातूनच बघितलं, दोन्ही मुठी वर केल्या आणि फोन वाजला म्हणून पळाले.

माद्या अजून धडधाकट होत्या. दुसरी खेप देऊ शकल्या असत्या. माद्या गारठून पडाव्यात म्हणून बिबियानाने पिंजरा उचलून थंड कपाटात ठेवला, आणि बाहेर काढल्यावर बारीक कुंचल्याने तळ झाडला, कोपरे झाडले, बाहीच्या चुण्या उलटून झाडल्या. भाऊजी वाकून बघत होते. एक मादी शिवणीत अडकली होती. ती त्यांनीच नखाने काढली.

झोळीतून त्यांनी केळीचं पान काढलं. दांडा कापलेला, विस्तवावर धरून मऊ केलेलं. त्यावर माद्या घेतल्या, खिशातली पट्टी आणि कापूस ठेवला, चारी बाजूंनी दुमडलं आणि केवड्याच्या पानाच्या दोरीने बांधलं. जेवणाला मासळीची पुडी बांधतात तशीच, पण लहान.

"समुद्रात?" तिने विचारलं.

"माझ्याच जमिनीत. समुद्राला पुष्कळ दिलंय."

मग त्यांनी दुसरं पान काढलं. तेवढ्याच मापाचं. त्यात काही ठेवलं नाही. तसंच चारी बाजूंनी दुमडलं, तशीच दोरी बांधली आणि ती पुडी टेबलावर, तबकाशेजारी ठेवली.

"ही?"

"धाकट्याची."

त्यांनी चटई गुंडाळली, पहारेकऱ्याकडून कोयता घेतला, व्हरांड्यात उभं राहून शांतपणे सुपारी, नागवेलीची शेंग आणि चुना तोंडात घातला. पोवळ्याच्या चुरीच्या पांढऱ्या रस्त्यावर ट्रक थांबला आणि ते चढले. हात खाजवत होते.

बिबियानाने अंड्यांचा कागद ताज्या पाण्यात सोडला, तबकावर जाळी ओढली, दिव्याची वेळ बघितली. घासून हात धुतले. मग ती पुडी उचलली आणि डॉक्टरांच्या खोलीपुढच्या बाकावर जाऊन बसली.

दार उघडं होतं. डॉक्टर फोनवर कुणाला तरी इंग्रजीत मोठ्याने सांगत होते की जात वाचली, केर्न्सहून काही नको. तिला बघून त्यांनी फोनवर हात ठेवला. "मावशी, घरी जा आता. झोपा दोन दिवस. रोझविटा बघेल."

"काम आहे, डॉक्टर. ऑस्ट्रेलियाला एक विचारायचंय."

"उद्या नाही चालणार?"

"नाही."

त्यांनी तिच्या मांडीवरच्या पुडीकडे बघितलं, पाच मिनिटं अशी बोटांनी खूण केली आणि पुन्हा बोलू लागले. पाच मिनिटं होऊन गेली. पुन्हा एक फोन आला. व्हरांड्यातला पंखा फिरत होता. पुडीत काहीच नसल्यामुळे ती त्या वाऱ्यानेही मांडीवरून सरकू लागली, तेव्हा बिबियानाने तिच्यावर आपला हात ठेवला.